केस नसतानाच शिकवलेला ब्रश : टिकलीचं प्रकरण

काकूंनी फोनवर सगळ्यात आधी सांगितलं ते हे : "आम्ही तिला रोज विंचरतो हो. एकही दिवस चुकवत नाही." मग कळलं की आदल्या रात्री विंचरतानाच टिकली, म्हणजे त्यांची कुत्री, त्यांच्या मुलाला चावली होती. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात रुतले होते आणि तेव्हापासून तिला हात लावायचा कोणाला धीर होत नव्हता.

मी आधी जखमेची चौकशी केली. टिकलीच्या रेबीजच्या लसी वेळेवर झाल्या होत्या, पण घरच्या, लस घेतलेल्या कुत्र्याने चावलं तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची, यात सूट नाही. मुलगा डॉक्टरांकडे जाऊन आला होता. त्यानंतर मी टिकलीबद्दल विचारायला सुरुवात केली, आणि जवळजवळ तासभर काकू बोलत होत्या.

केस विंचरू न देणारी, नखं कापू न देणारी कुत्री हेच माझं काम. अशा घरांत बहुतेक वेळा कुठेतरी हयगय झालेली असते. इथे तसं काहीच नव्हतं. रोज ब्रश, दर आठवड्याला आंघोळ, चांगलं खाणं, वेळच्या वेळी लसी. तरीही कुत्री दुखण्याने बेजार झालेली होती आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

टिकली सव्वादोन वर्षांची, नसबंदी झालेली मादी. वजन साडेपाच किलोच्या आतबाहेर. आई ल्हासा अप्सोसारखी दिसणारी होती म्हणे, बाप कोणी पाहिला नव्हता, पण शेपटीची वळणदार ठेवण आणि दाट अंतर्लव, म्हणजे वरच्या केसांखालचा मऊ थर, पाहून पॉमेरेनियनचा अंश असावा असं मला वाटलं. मिशा आणि दाढी मात्र आईकडच्या. चार महिन्यांची असताना ती या घरात आली. देणाऱ्याने सांगितलं होतं, "हिचे केस गळत नाहीत, काही त्रास नाही."

या एका वाक्याने पुढचा बराच घोळ झाला. कुत्र्याच्या केसांची ठेवण मुख्यतः तीन जनुकं ठरवतात, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं : लांबी एफजीएफ५ या जनुकावर, मिशा-भुवया आरएसपीओ२ वर आणि कुरळेपणा केआरटी७१ वर. मिश्र जातीच्या पिल्लात यातलं काय कोणाकडून येईल ते पिल्लू पाहून सांगता येत नाही. टिकलीच्या वाट्याला लांब केस आले, दाढी-मिशा आल्या आणि खाली कापसासारखी दाट अंतर्लवही आली. केस तर सगळ्याच कुत्र्यांचे गळतात. अशा ठेवणीत गळलेला केस जमिनीवर पडत नाही, शेजारच्या केसांत अडकून राहतो. त्याला रोज कोणी बाहेर काढलं नाही, तर तो त्वचेलगत गुंतत जातो. "केस गळत नाहीत" याचा खरा अर्थ "केस तुम्हालाच काढावे लागतील" असा आहे, आणि पिल्लू देताना हे कोणी सांगत नाही याचा मला दर वेळी राग येतो.

जे दिसत नव्हतं

मी गेले तेव्हा टिकली सोफ्याखाली होती. मी खाली बसले, तिच्याकडे पाठ करून, आणि काकूंशी बोलत राहिले. वीसेक मिनिटांनी ती बाहेर आली. दिसायला अतिशय देखणी : पांढरी-तपकिरी, पाठीवरून दोन्ही बाजूंना रेशमासारखे केस, डोक्यावर रबरबँडने बांधलेली शेंडी. अंगावर छातीला अडकवणारा हार्नेस होता. तो दिवसभर असायचा, फक्त आंघोळीच्या वेळी निघायचा.

तिची चाल मला खटकली. पावलं आखूड पडत होती आणि पुढचे पाय किंचित बाहेर फेकले जात होते. मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "ती आळशीच आहे पहिल्यापासून. सोफ्यावर उडी मारत नाही, उचलून ठेवावं लागतं." लहान चणीच्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास पुष्कळ दिसतो, म्हणून मी तो संशय वहीत टिपून ठेवला. कारण निघालं वेगळंच.

"ब्रश नेहमी जिथून काढता तिथून काढा, पण तिला लावू नका," मी सांगितलं. काकूंनी कपाट उघडलं, पण ब्रशच्या आधी हात गेला खाऊच्या बरणीकडे. झाकणाचा आवाज झाला मात्र, टिकलीने ओठ चाटले, मान फिरवली, डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसला आणि ती परत सोफ्याखाली गेली. ब्रश अजून कपाटातच होता.

दोन वर्षं रोज रात्री तिला आधी खाऊ दाखवून जवळ बोलवलं जात होतं आणि मग धरून विंचरलं जात होतं. त्यामुळे खाऊच तिच्यासाठी धोक्याची सूचना झाला होता. उकडलेल्या चिकनच्या बरणीला घाबरणारं कुत्रं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

बाकीचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी मिळाला. दहाव्या महिन्याच्या सुमाराला टिकली विंचरताना गुरगुरायला लागली. हा काळ ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लांब केसांच्या पिल्लांचे बालकेस जाऊन मोठेपणीचे केस येतात ते साधारण याच वयात, आठव्या ते बाराव्या महिन्यादरम्यान, आणि दोन्ही प्रकारचे केस एकत्र असताना गुंता कधी नव्हे इतका वेगाने होतो. घरच्यांना हे माहीत नव्हतं. मुलाला कोणीतरी सल्ला दिला की गुरगुरली की मोठ्याने दटावायचं, मानेचं कातडं धरून हलवायचं. त्याने तसं केलं. काही महिन्यांत गुरगुरणं थांबलं आणि सगळ्यांना वाटलं ती सुधारली.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने शब्दांत सांगितल्यासारखं आहे : "इथे दुखतंय, थांब." ते सांगितल्यावर मार बसतो हे टिकली शिकली आणि तिने सांगणं बंद केलं. दुखणं तसंच राहिलं. चावण्याच्या रात्री ती "काही न सांगता चावली" असं मुलगा म्हणत होता आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. सांगायची वाट तिच्याकडे उरलेली नव्हती. हे त्याला समजावून सांगताना मी शब्द जपून वापरले, कारण त्याचा चेहरा पडला होता. त्याने केलं ते चांगल्या हेतूने केलं होतं.

दुसऱ्या भेटीत तिने मला छातीपर्यंत हात लावू दिला. हार्नेस काढला होता. केसांच्या वरच्या थरातून बोटं सहज फिरली आणि मग अडली. खाली, त्वचेला चिकटून, घोंगडीसारखा सलग थर होता. काखेपासून सुरू होऊन पोटाकडे गेलेला, पुढच्या पायाला छातीशी जवळजवळ बांधून टाकणारा. मी काकूंचा हात धरून त्यांच्या बोटांना तो थर दाखवला. त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, पण मी रोज विंचरते..."

त्या रोज विंचरत होत्या हे खरंच होतं. त्यांचा ब्रश मऊ दातांचा होता आणि वरच्या दोन-तीन सेंटीमीटर केसांतून फिरत होता. वरचे केस चमकत होते, त्वचेलगत जट बसत होती. त्यात दर आठवड्याची आंघोळ. गुंता आधी न काढता केस भिजवले, टॉवेलने खसाखसा पुसले आणि तसेच वाळू दिले, की लोकर धुताना आटते तसा तो गुंता आवळत जातो. आणि दिवसभराचा हार्नेस काखेत घासत राहून त्यात भर घालत होता. प्रेमाने केलेली तिन्ही कामं त्याच एका जागी येऊन साचली होती.

टेबलावर

"सोडवता येईल ना हळूहळू? रोज थोडं थोडं?" काकूंनी विचारलं.

मी नाही म्हटलं. सुटे गुंते बोटांनी, कंगव्याच्या टोकाने सोडवता येतात. सलग बसलेली जट सोडवायची म्हणजे दिवसेंदिवस त्वचा ओढत राहायची. तीही अशा कुत्रीची, जिला ओढलं जाण्याचीच भीती आहे. केस वाचले असते, टिकली कायमची हातातून गेली असती. कात्रीने कापण्याचा विचारही करू नये. जटेत त्वचा वर ओढली गेलेली असते, कुठे केस संपले आणि कुठे कातडी सुरू झाली ते दिसत नाही. घरी कात्रीने कापायला जाऊन काखेत फाटलेली कुत्री टाके घालायला आणली जातात, हे कुठलाही पशुवैद्य सांगेल.

पशुवैद्यांशी बोलून ठरलं की रक्ततपासणी करून पूर्ण भूल द्यायची आणि सगळं एकदाच उरकायचं. जागेपणी, तोंड बांधून, चौघांनी धरून हे करता आलं असतं. याआधी एका ग्रूमिंग सेंटरमध्ये तिच्या पंजांवरचे केस तसेच कापले गेले होते आणि घरी आल्यावर दोन दिवस ती जेवली नव्हती. मला तो मार्ग पुन्हा नको होता. लहान कुत्र्याला भूल देण्यात धोका असतोच, तो डॉक्टरांनी काकूंना नीट समजावून सांगितला आणि मग त्यांनी होकार दिला.

मशीनला १० नंबरचं ब्लेड लावलं. त्याने साधारण दीड मिलिमीटर केस राहतात. त्याहून लांब केस ठेवणारी ब्लेड जटेखाली शिरत नाहीत आणि विरळ दातांच्या ब्लेडमध्ये कातडी सापडते. ब्लेड त्वचेला समांतर धरायचं, दुसऱ्या हाताने कातडी ताणून सपाट करायची आणि दर काही मिनिटांनी ब्लेड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. तापलेलं ब्लेड चटका देतं आणि भुलेतलं कुत्रं ओरडून सांगू शकत नाही. काखेतला थर आणि पोटावरचा थर मिळून एकच तुकडा निघाला, बाहीसारखा. तो मी काकूंना दाखवायला ठेवला नाही.

खाली काय होतं? दोन्ही काखांत त्वचा लाल, ओलसर, एका जागी फोड फुटलेला. पुढच्या उजव्या पायाचं वरचं, जमिनीला न टेकणारं नख गोल वळून कातडीत रुतायच्या बेतात. हे नख झिजत नाही, ते कापावंच लागतं, आणि केसांत लपलेलं असल्याने विसरलं जातं. कानांच्या कडांना घट्ट जटा. तोंडात वरचे दोन्ही दुधाचे सुळे तसेच शिल्लक होते, कायमच्या सुळ्यांना खेटून. ते सात महिन्यांच्या आत पडून जायला हवे होते. लहान जातींत ते अनेकदा पडत नाहीत, दोन दातांच्या फटीत अन्न अडकून हिरड्या सडायला लागतात. भूल दिलेलीच होती, तेव्हा ते काढले आणि दातही साफ केले. गुडघे उत्तम होते. पाऊल आखूड पडत होतं ते काखेतली जट पाय मागेपुढे होऊ देत नव्हती म्हणून.

कानांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कानाची घट्ट जट काढल्यावर कुत्रं मोकळं वाटून जोरजोरात डोकं झाडतं. त्या फटकाऱ्याने कानाच्या पाळीत रक्त साकळून ती पुरीसारखी फुगू शकते. म्हणून भुलेतून उठायच्या आधीच तिच्या डोक्याभोवती मऊ कापडाची नळी चढवून कान डोक्याशी सैलसर टेकवून ठेवले. दोन दिवस.

बोडकी टिकली

काकू तिला घ्यायला आल्या आणि पाहून रडल्या. समोर एक गुलाबी, कृश, मोठ्या डोळ्यांची कुत्री उभी होती. केसांच्या आत ती एवढीशी होती हे त्यांना माहीतच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "काकू, केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतील." त्याच वेळी हेही सांगितलं की पॉमेरेनियनसारखी दाट अंतर्लव असलेल्या कुत्र्याचे मुंडलेले केस कधी कधी असमान येतात, काही जागी फार उशिरा येतात. आधी सांगितलं ते बरं झालं, कारण ढुंगणावरचे केस खरंच बाकीच्यांपेक्षा दोन महिने मागे राहिले.

तिसऱ्या दिवशी मुलाने व्हिडिओ पाठवला. टिकली घरभर धावत होती, सोफ्यावर चढत होती, उतरत होती, परत चढत होती.

पहिले दहा दिवस काहीच शिकवलं नाही. काखेला मलम, उन्हात जाणं बंद, कारण उघड्या त्वचेला ऊन भाजतं. गार हवेत अंगावर सुती कपडा, तोही झोपताना काढलेला. हार्नेस फक्त फिरायला जाताना. गळपट्ट्यावर मी तिला परत नेलं नाही, कारण छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते आणि गळ्याला बसणारे हिसके तिला सोसत नाहीत. घरात आल्या आल्या हार्नेस काढायचा, एवढंच.

आणि मग अकराव्या दिवशी मी म्हटलं, आता ब्रश.

"आत्ता? विंचरायला आहे काय तिथे?" मुलगा म्हणाला.

तेच तर हवं होतं. अंगावर जेमतेम काही मिलिमीटर केस असताना ब्रश कितीही वेळा फिरवला तरी कुठेही ओढ बसत नाही. ब्रश दुखवत नाही हे कुत्र्याला पटवायचं असेल, तर तो खरोखरच दुखवू शकत नाही असा काळ हवा, आणि तो टिकलीला जेमतेम दोन महिने मिळणार होता. बहुतेक घरांत केस कापून आणले की सुटल्यासारखं वाटतं आणि ब्रश कपाटात जातो. केस वाढले की तो पुन्हा बाहेर येतो, तोवर गुंता झालेला असतो, आणि कुत्र्याचा जुना समज पक्का होतो.

जुना ब्रश टाकून दिला. जुनी जागा, म्हणजे कपाटाजवळचा कोपरा, सोडली. बरणीही बदलली. नवा ब्रश बारीक तारांचा, स्लिकर, आणि त्याच्या जोडीला धातूचा कंगवा, अर्धा भाग रुंद दातांचा, अर्धा दाट. स्लिकरचा दाब किती असावा हे मी दोघांना त्यांच्याच हाताच्या आतल्या बाजूला फिरवून दाखवलं. लाल रेघ उमटली तर दाब जास्त.

सगळं गणित क्रमाचं होतं. इव्हान पावलोव्ह यांना १९०४ सालचं नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं, पण कुत्री शिकवणाऱ्यांना त्यांच्या प्रयोगशाळेतून मिळाला तो हा क्रम : खूण आधी, अन्न नंतर. या घरात तो उलटा झाला होता. आता ब्रश आधी दिसायचा, दोन मीटर लांबून, आणि तो दिसताच खाऊ. ब्रश पाठीमागे गेला की खाऊ बंद. बोलवायचं नाही, धरायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. एका वेळी दहा-बारा तुकडे, दिवसातून दोनदा, संपलं. तुकडे तुरीच्या दाण्याएवढे, कारण एवढ्या कुत्रीला दिवसभरात साडेतीनशे-चारशे कॅलरी पुरतात आणि खाऊचा वाटा त्यात दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये.

पाचव्या दिवशी ब्रश बाहेर आला आणि टिकलीने ब्रशकडे न पाहता मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, कान पुढे करून, वाट बघत. मी त्या क्षणासाठी थांबले होते. तेव्हापासून आम्ही जवळ यायला लागलो : दीड मीटर, एक मीटर, ब्रशची पाठ खांद्याला टेकवणं, मग एक फटकारा, मग दोन.

याच्या जोडीला तिला "नाही" म्हणायची एक वाट परत द्यायची होती. चिराग पटेल या प्रशिक्षकांचा 'बकेट गेम' यासाठी जगभर वापरला जातो : खाऊचं भांडं समोर ठेवायचं, कुत्रं त्याकडे पाहत राहील तोवर हात लावायचा, नजर हटली की थांबायचं. मी सहसा तिथूनच सुरुवात करते. पण टिकलीला खाऊच्या भांड्याचीच धास्ती होती, म्हणून तिच्यासाठी हनुवटी निवडली. जमिनीवर घडी घातलेला टॉवेल. त्यावर हनुवटी टेकवली की विंचरणं सुरू, हनुवटी उचलली की त्याच क्षणी ब्रश वर. "हा एकच फटकारा राहिलाय" असं म्हणून तो पुरा करायचा नाही. मुलाला हे फार जड गेलं. अर्धवट काम सोडणं त्याच्या स्वभावात नाही. पहिल्या आठवड्यात टिकली तीन सेकंद हनुवटी ठेवायची आणि उचलायची, जणू खात्री करून घेत होती. ते खरोखर थांबतात हे पाहिल्यावर सेकंद वाढत गेले. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ती दीड मिनिट स्वस्थ राहत होती.

पाचव्या आठवड्यात माझी चूक झाली. पाठ, खांदे, मान इथे ती निवांत होती, तेव्हा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी मी मुलाला काखेत ब्रश न्यायला सांगितलं. हनुवटी टॉवेलवरच होती, पण तोंड बंद झालं होतं, श्वास उथळ झाला होता आणि मिशांच्या मुळाशी कातडी ताणली गेली होती. मला ते दिसायला हवं होतं, मी मात्र हनुवटीकडेच पाहत राहिले. तिने हवेतच दात वाजवले आणि निघून गेली. चावली नाही. आधी गुरगुरलीही, अगदी हलकं, हे व्हिडिओ परत पाहताना कळलं.

मुलगा खचला. मला त्या व्हिडिओत वेगळंच दिसत होतं : तिचं गुरगुरणं परत आलं होतं. जवळपास वर्षभरानंतर तिने कोणाला तरी आधी सांगून पाहिलं. आम्ही काखेचा विषय दोन आठवडे बंद ठेवला आणि मग हाताच्या पाठीपासून, ब्रशशिवाय, परत सुरुवात केली. नव्याने बरी झालेली त्वचा तिथे अजून हळवी होती, हे मी आधी डॉक्टरांना विचारून घ्यायला हवं होतं.

भांग पाडून

आठव्या आठवड्यापर्यंत केस दीड-दोन सेंटीमीटर झाले आणि खरं विंचरणं सुरू झालं. काकूंना शिकवलेली रीत त्यांनी लगेच उचलली, कारण ती त्यांच्या ओळखीची होती : मुलीच्या डोक्याचा भांग पाडतो तसा भांग पाडायचा. एका हाताने केस वर धरायचे, खाली त्वचेची पांढरी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून खाली केसांचा एक पातळ थर स्लिकरने विंचरायचा, मग अर्धा सेंटीमीटर वर नवा भांग. पायाला पंजापासून सुरुवात करून वर जायचं. गाठ लागली तर मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ बोटांवर येते, कातडीवर जात नाही, आणि गाठ टोकाकडून सोडवत यायची. कोरडे केस तुटतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा.

ब्रशनंतर कंगवा. काम ब्रश करतो, कंगवा फक्त तपासतो. तो त्वचेपासून टोकापर्यंत न अडता गेला, तरच ती जागा झाली असं धरायचं. हा कंगवा दोन वर्षांपूर्वी घरात असता तर काकूंना पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

कानामागे, काखेत, मांडीच्या सांध्यात, शेपटीच्या मुळाशी, बोटांमध्ये, हनुवटीखाली रोज कंगवा फिरवायचा. पाठ एक दिवसाआड चालते. पाठीवर गुंता होतच नाही फारसा, आणि माणसं पाठच विंचरतात, कारण ती समोर असते आणि कुत्र्यालाही तिथे चालतं.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी आणि आधी पूर्ण विंचरून. माणसांचा शाम्पू बंद, बाळांचासुद्धा. आपली त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची तटस्थतेच्या जवळ. कुत्र्याचा शाम्पू पाण्यात पातळ करून, केसांच्या दिशेने दाबत लावायचा, चोळायचं नाही. टॉवेलही दाबायचा. नंतर कोमट-गार हवेवर ड्रायर आणि सोबत ब्रश, त्वचेपर्यंत कोरडं होईस्तोवर. ओल्या अंतर्लवेत झोपलेलं कुत्रं सकाळी गाठी घेऊन उठतं. ड्रायरचा आवाज शिकवायला वेगळे तीन आठवडे लागले, पद्धत तीच.

दात घासणं टिकलीने आश्चर्य वाटावं इतकं लवकर स्वीकारलं, बहुधा सुळे निघाल्यावर तोंड दुखायचं थांबलं म्हणून. कुत्र्यांची पेस्टच वापरायची. माणसांच्या पेस्टमधला फ्लोराइड गिळणं कुत्र्याला चांगलं नाही आणि काहींत झायलिटॉल असतं, जे थोडंसंही विषारी आहे. पुढच्या पायांची नखं ती स्वतः घासते : लाकडी फळीला खरखरीत कागद चिकटवला आहे, त्यावर पंजा मारला की खाऊ. मागच्या पायांना कटर लागतो, आणि आतलं रक्ताचं टोक लागू नये म्हणून एका वेळी मिलिमीटरभरच.

केस किती लांब ठेवायचे यावर मात्र आमचं आणि काकूंचं बरंच बोलणं झालं. त्यांना ते जमिनीपर्यंतचे रेशमी केस परत हवे होते. मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, तुम्ही आठवडाभर फक्त तिच्या डाव्या पुढच्या पायाचे केस मी सांगते तसे विंचरा, वेळ लावा, आणि लांबी दुप्पट झाली तर किती वेळ लागेल ते तुम्हीच ठरवा. आठवड्याने त्यांचा फोन आला. "अडीच सेंटीमीटर पुरे. डोक्यावरची शेंडी तेवढी राहू दे." शेंडी आहे. रबरबँड रोज रात्री निघतो. दर सहा आठवड्यांनी मी जाऊन केस कापते, टेबलावर, हनुवटी टॉवेलवर. तोंडपट्टी लागत नाही, पण सैल तोंडपट्टी घालून राहायला तिला शिकवून ठेवलं आहे. कधी अपघात झाला, अनोळखी हातांनी तपासावं लागलं, तर ती वस्तू तिला नवी नको.

पाच महिने झाले. काकू वहीत रोज दोन ओळी लिहितात आणि महिन्याअखेर मला फोटो पाठवतात. परवाच्या पानावर असं होतं : "काखा दोन्ही झाल्या. कंगवा अडला नाही. कान झाले. मागच्या डाव्या पायाला हनुवटी उचलली. थांबलो. रात्री परत विचारलं, पुन्हा उचलली. उद्या."